शिलाईतली माया

दुपारचं जेवण झालं की दिगंबर पोरेला वामकुक्षी लागते. कराडच्या बाजारपेठेतल्या त्याच्या शिंपीकामाच्या दुकानाचं शटर त्या वेळी अर्धं खाली येतं, बाहेरच्या बाजूला बायको कुंदा काज-बटणं करत बसते आणि दिगंबर मागच्या खोलीतल्या बाकड्यावर डाव्या कुशीवर आडवा होतो. भर लगीनसराईतही हा नेम चुकत नाही. नवरदेव थांबेल, पण पोरेमास्तरांची झोप थांबायची नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात.

आज मात्र डावी कूस त्याला धार्जिणी नाही. कुशीवर वळलं की बरगडीच्या आत कुणी इस्त्री टेकवून ठेवल्यासारखं जड होतं. "पित्त," तो स्वतःशीच म्हणतो. सकाळी कोपऱ्यावरची गरम भजी खाल्ली, वर कडक चहा घेतला, मग पित्त होणार नाही तर काय होणार? आणि पोरे घराण्यात पित्ताला काय तोटा? आजोबांना होतं, वडिलांना होतं. थोरला भाऊ एकनाथ, म्हणजे आण्णा, तर तीन वर्षांपूर्वी याच दुकानात गळ्यात टेप असताना, पित्त झालंय म्हणत म्हणत गेला. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं. पण कुणी विचारलं तर घरची माणसं आजही पित्ताचं निमित्त झालं असंच सांगतात.

कुंदाला ते पटत नाही. गणेश मंडळाच्या तपासणी शिबिरात दिगंबरच्या दंडाला पट्टा आवळून डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या होत्या. रक्तदाब बराच आहे, घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का, असं विचारलं होतं. रक्त तपासा, ईसीजीची पट्टी काढा, मीठ-तेल आवरा, रोज चाला, असंही बजावलं होतं. दिगंबर हसून उठला. दुसऱ्याचं माप आपण मानत नाही, म्हणाला. चालण्याचं म्हणाल, तर दिवसभर मशीनचं पायडल मारतो तो काय व्यायाम नाही? मशीनला मोटर बसवून कैक वर्षं झाली, हे मात्र त्यानं बाईंना सांगितलं नाही.

शेवटी कुंदानंच डॉक्टरीणबाईंकडे आज संध्याकाळी पाचची वेळ घेऊन ठेवली आहे. दिगंबरनं तिला हो म्हटलंय, आणि मनात ठरवून टाकलंय की झोपून उठल्यावर काहीतरी काम काढायचं. लगीनसराई संपली की बघू.

इतर माणसांचं एक बरं असतं. पोट सुटलं की त्यांची पँट त्यांना सांगते. बटण लागेनासं होतं, माणूस ओशाळतो, शिंप्याकडे येऊन हळूच म्हणतो, "मास्तर, कमरेत जरा सोडा." शिंपी आतली शिलाई उसवतो. तिथे जादा कापड दुमडून ठेवलेलं असतं, पुढेमागे माणूस सुटला तर असावं म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. ती माया थोडी सोडली की पँट परत बसते. पण शिंप्याला ओशाळायला वेळच मिळत नाही. जरा घट्ट वाटलं की तो जेवणानंतर आपली पँट आपणच सोडून घेतो, इस्त्री फिरवतो आणि विसरून जातो. दिगंबरनं आज सकाळीच परत एकदा सोडून घेतलीय. आत पाहायची त्याला काही गरज वाटली नाही, हात सवयीचा.

"अर्ध्या तासानं उठव गं," तो बाहेर आवाज देतो. "आणि लिंबू-सोडा आणून ठेव."

"सोडा कशाला परत?" कुंदाचा आवाज येतो. पंखा कुरकुरतोय. कुंदाच्या बोटावरच्या धातूच्या टोपीचा, अंगुस्तानाचा, सुईला लागणारा बारीक आवाज येतोय, टिक, टिक. त्या आवाजावर त्याचे डोळे जड होतात.

टिकटिक वाढते. तिची खडखड होते. मग दिगंबरला कळतं की हे मशीन आहे, आणि हा आवाज त्याच्या मोटरच्या मशीनचा नाही. पायडलचं आहे हे, आरशाशेजारचं. ते तर आण्णा गेल्यापासून कापडानं झाकून ठेवलंय.

त्या मशीनवर आण्णा बसलाय.

पाठमोरा आहे, पण पाठ ओळखायला वेळ लागत नाही. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, कानावर साबणाची चीप. खडूला आण्णाचा हात कधी लागला नाही. घरातला चंदनाचा साबण झिजून पातळ झाला की ती चीप तो कानावर खोचायचा आणि तिनंच कापडावर खुणा करायचा. दिगंबरला त्या चंदनाचा वास आत्ता येतोय. त्याला आनंद व्हायला हवा, पण मानेवरचे केस उभे राहतात.

"आलास?" आण्णा टाचण्यांतून बोलतो. "कधीचा हाक मारतोय. गिऱ्हाईक थांबलंय की."

"आण्णा, तू कसा काय?"

"कसा म्हणजे? सीझन आहे." तो ढेकर देतो, छाती चोळतो. "जरा पित्त झालंय बघ. सोडा आण बरं, दिगू."

हेच वाक्य. त्या दिवशीही हेच, याच आवाजात. तो कोपऱ्यावर सोड्याला गेला होता, आणि बाटली घेऊन आला तेव्हा आण्णाचं डोकं मशीनवर टेकलेलं होतं, कापड अजून सुईखालीच होतं.

"मी नाही जात," तो म्हणतो. "तू आधी डॉक्टरकडे चल."

"येडा का काय तू? समोर गिऱ्हाईक उभं असताना?" आण्णा हसतो. "जा. पळ. असा जा नि असा ये."

आणि दिगंबरचे पाय जातात. तो पायांना थांबा म्हणतो, ते ऐकत नाहीत. शटरखालून तो वाकून बाहेर पडतो.

बाहेर बाजारपेठ नाही. मंगल कार्यालय आहे आणि पंगत बसलीय. लांबच लांब पंगत, बायका नाहीत, पोरंसोरं नाहीत, सगळे बाप्येच. एकेकाच्या अंगावरचे कपडे दिगंबर ओळखतो. हा सफारी आपण शिवला, ती बंडी आण्णानं. जिलेब्यांची ताटं फिरतायत. वाढपी आग्रह करतायत, "घ्या हो, एवढी एक घ्या, माझ्या हातची." कुणी नको म्हणत नाही. सगळे उजव्या हातानं जेवतायत आणि सगळ्यांचा डावा हात सदऱ्याच्या आत, छातीवर आहे.

"पित्त का?" एकजण शेजाऱ्याला विचारतो.

"पित्तच. तुम्हाला?"

"आम्हालाही की. पहिल्यापासूनच आहे." आणि दोघंही समाधानानं मान हलवतात.

दिगंबरला ओरडावंसं वाटतं. तो एकाला खांद्याला धरून हलवतो. माणूस वर बघतो, ओळखीचं हसतो. बाजारातला किराणावाला आहे तो, गेल्या दिवाळीच्या आधी गेलेला. त्याच्या मयताला दिगंबर स्वतः गेला होता.

"बरं झालं भेटलात, मास्तर," तो म्हणतो. "कमरेत जरा सोडा."

"सोडा," शेजारचा म्हणतो. "सोडा, सोडा," पंगत म्हणायला लागते. ताटांतून सगळ्यांचे हात वर येतात, आपापल्या कमरेकडे जातात. दिगंबर मागे सरतो, धावतो, स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर उडी टाकतो. त्याच्या हातात सोड्याची बाटली कुठून आली कुणास ठाऊक. ती गार नाही. एखाद्या माणसाच्या हातासारखी कोमट आहे.

दाराबाहेर पायऱ्या आहेत. कृष्णेच्या घाटाच्या. रोज पहाटे कुंदा इथे फिरायला येते, त्यालाही हाक मारते आणि तो पांघरूण ओढून घेतो. पायऱ्या तर खाली उतरतायत, तरी दिगंबरला चढणीसारखी धाप लागते. दर पायरीला इस्त्री छातीत रुतते. कपाळावर घाम येतो, गार घाम. नदीला पाणी आहे, पण त्याचा आवाज नाही.

शेवटच्या पायरीवर आण्णा उभा आहे. त्याच्या पायाशी कापडाचा तागा पडलाय. पांढरा. तो टाचेनं तागा उलगडतो आणि कापड घाटावर पसरत जातं.

"आणलास सोडा? ठेव तिथं. आता नको मला," तो म्हणतो. "उभा राहा नीट. तुझं माप घेतो."

"काय शिवतोयस?"

"शिवत नाही रे." आण्णाचा आवाज एकदम थकलेला येतो. "कापड नीट बघ की. ह्याला कधी शिवतात का? आयुष्यभर कापड हाताळलंस तू, हे एवढं ओळखत नाहीस? ह्याला शिलाई नाही. आणि शिलाई नाही तिथं माया नाही."

ते कापड कोणतं, हे दिगंबरला कधीच कळलंय. आण्णाला त्यातच गुंडाळून इथे आणलं होतं. कात्री लावत नाहीत त्याला, हातानं फाडतात.

आण्णा टेप काढून त्याच्या छातीभोवती टाकतो. दोघांनी दुकानात आयुष्यभर असंच काम केलं, एकानं माप घ्यायचं, दुसऱ्यानं आकडा परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. दिगंबर आकड्याची वाट बघतो. टेप आवळत जातो, शिबिरातल्या त्या पट्ट्यासारखा, मग त्याहून घट्ट. आकडा येत नाही.

"किती?" तो कसाबसा विचारतो.

"टेप पुरेना," आण्णा म्हणतो. "कमरेत बघू. शिलाई उलटी कर."

दिगंबर आपल्या पँटीची कमर उलटी करतो. उसवलेल्या शिलाईच्या जुन्या भोकांची ओळ दिसते, तिच्या पुढे दुसरी ओळ, मग तिसरी, आणि त्यानंतर कापडाची कड. नुसती कड, दोरे सुटलेली. आत काहीच नाही. सकाळी त्यानं सोडली ती शेवटची होती.

"माया संपली, दिगू," आण्णा हलकेच म्हणतो. "माझीही अशीच संपलेली. आपण लोकांच्या कमरा बघत बसलो."

"आण्णा," दिगंबर त्याचं मनगट धरतो. मनगट हाताला लागतं आणि लागतही नाही. "मला एक खरं सांग. ते पित्तच होतं ना रे?"

आण्णा ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढतो आणि सदऱ्याला टोचून ठेवतो. सगळ्या निघाल्यावर त्याचं तोंड मोकळं होतं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच दिगंबरला त्याचा स्वच्छ आवाज ऐकू येतो.

"तू सोड्याला गेलास ना, तेव्हा मला कळलं. दरदरून घाम फुटला. हा डावा हात माझा राहिलाच नाही. तेव्हाच कळलं, हे पित्त नाही."

"मग हाक का नाही मारलीस? शेजारी माणसं होती. रस्ता भरलेला होता."

"गिऱ्हाईक होतं समोर." आण्णा खाली बघतो. "नवरदेवाचा बाप. कोट न्यायला आलेला. म्हटलं, त्याच्यासमोर काय बोंबलायचं? लाज वाटली मला."

पाण्याचा अजूनही आवाज नाही. दिगंबरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं आणि ते त्याला पुसवत नाही, कारण त्याचा डावा हात वर येत नाही.

"हाक मारली असतीस तर?"

"तेच माप घेत बसलोय मी इथं," आण्णा म्हणतो. "हाक मारली असती तर. आधीच तपासून घेतलं असतं तर. चार पावलं चाललो असतो तर. काही केल्या बसत नाही बघ."

तो वाकतो आणि पांढरं कापड दोन्ही हातांत धरतो. टर्रकन आवाज होतो. दिगंबरच्या सगळ्या अंगातून काहीतरी फाटत गेल्यासारखं होतं.

"नको!" तो ओरडतो. "आण्णा, नको ना रे! नको फाडूस!"

आण्णा थांबतो. कापड एक वीतभर फाटलंय. तो त्या चिरेकडे बघतो, मग धाकट्या भावाकडे, लहानपणी त्याच्या सदऱ्याची चुकीची बटणं नीट लावताना बघायचा तसा. कानावरची साबणाची चीप काढतो आणि दिगंबरच्या सदऱ्यावर, डाव्या बाजूला, जिथे इस्त्री रुतलीय तिथेच, एक आडवी आणि एक उभी रेघ ओढतो. फुली. कच्च्या शिलाईवर आण्णाची फुली दिसली की दुकानात तिचा एकच अर्थ असायचा. इथं चुकलंय, उसव.

"उसवल्यावर?" दिगंबर रडत विचारतो. "उसवल्यावर मी राहीन का?"

"उसवलेलं शिवता येतं की रे, येड्या. फाडलेलं नाही शिवता येत." आण्णा त्याला पायऱ्यांकडे ढकलतो. ढकलताना त्याचा हात पहिल्यांदाच नीट लागतो, उबदार, जड. "जा वर. आणि गिऱ्हाइकाला भिऊ नकोस."

पंखा कुरकुरतोय.

छताचे पत्रे दिसतात, त्यांच्या फटीतून आलेलं कललेलं ऊन दिसतं. दिगंबर बाकड्यावर डाव्या कुशीवरच आहे. बनियन घामानं चिकटलंय. डावा हात अंगाखाली दबलाय आणि त्याला संवेदना नाही. मन लगेच कारण पुढे करतं, अंगाखाली होता, मुंग्या आल्या असतील. तो हात सोडवून घेतो, हलवतो. मुंग्या येत नाहीत. हात तसाच जड राहतो, आणि इस्त्रीही जागची हलत नाही.

बाहेर कुणीतरी आलंय. शटरपाशी पुरुषाचा आवाज येतो.

"मास्तर आहेत का? पोराचा कोट झाला का बघायला आलो."

"झालाय जवळजवळ," कुंदाचा आवाज. "जरा पडलेत ते. पित्त झालंय म्हणतात."

बाकड्यावर पडल्या पडल्या दिगंबर थिजतो. नवरदेवाचा बाप. कोट. त्याला हाक मारायचीय, पण आत एक ओळखीचा विचार आहेच. गिऱ्हाईक जाऊ दे. मग कुंदाला हळूच सांगू. पाच वाजता जायचंच तर आहे. उगाच परक्या माणसासमोर काय बोंबलायचं?

तो उठून बसायला बघतो, आणि मान खाली जाते तेव्हा त्याला ती दिसते. चॉकलेटी सदऱ्यावर, डाव्या बाजूला. फुली.

तो बोट लावतो. बोटाला गुळगुळीत, मेणचट लागतं. खडू असता तर भुकटी झाली असती. बोट नाकाशी नेतो. आण्णा गेल्यापासून या दुकानात खडूशिवाय दुसऱ्या कशानं खूण झालेली नाही.

चंदन.

दिगंबर पोरे भितो. आयुष्यात कधी भ्याला नसेल इतका भितो. आणि त्या भीतीच्या जोरावर छातीत असेल नसेल ती हवा गोळा करून, बाजारपेठेतली चार दुकानं ऐकतील एवढ्या आवाजात ओरडतो.

"कुंदाऽ! पित्त नाही गं! पित्त नाही! माझ्या छातीत दुखतंय! डावा हात मेलाय माझा!"

बाहेर काहीतरी खळ्ळकन पडतं. सोड्याचा ग्लास असावा. कुंदा धावत येते, तिच्या बोटात अंगुस्तान तसंच आहे. तिच्या मागे तो नवरदेवाचा बाप येतो, चांगला आडदांड शेतकरी गडी. तो एक क्षण दिगंबरचा चेहरा बघतो आणि मागे वळून अर्धं शटर धाडकन पूर्ण वर ढकलतो. सगळा रस्ता एकदम आत येतो.

"गाडी दारातच हाय माझी," तो म्हणतो. "वहिनी, तुम्ही त्या अंगानं धरा. मास्तर, पाऊल टाकू नका तुम्ही, आम्ही उचलतो. कोटाचं बघू मग, लगीन काय पळून चाललंय का?"

दोघं त्याला उचलतात. कुंदाचा चेहरा पांढरा पडलाय, पण हातांची पकड पक्की आहे. गाडीत बसवताना तिची नजर त्याच्या सदऱ्यावर जाते. सवयीनं तिचा पदर पुढे होतो.

"हे काय लागलंय इथं?" ती म्हणते, आणि पुसता पुसता थांबते. वास तिच्याही नाकाशी गेलाय. ती त्याच्याकडे बघते.

"राहू दे," दिगंबर म्हणतो आणि उजव्या हातानं तिचा पदर बाजूला करतो. "पुसू नकोस. डॉक्टरांना कुठं उसवायचं ते दिसलं पाहिजे."